दिवा कोण लावतं : एका कादंबरीच्या शेवटाचं प्रकरण

गाव उठून नव्या जागी गेलं, देवी मात्र जुन्या गावठाणातच राहिली. औसा भागातल्या एका लेखिकेच्या तिसऱ्या कादंबरीची गोष्ट इथून सुरू होते. जुन्या गावात आता पडक्या भिंती, वेड्या बाभळी आणि घाणेरीची जाळी आहेत. राहतं कुणीच नाही. तरी दर अमावास्येच्या रात्री मरीआईच्या ओट्यावर दिवा लागलेला दिसतो आणि नव्या गावातली माणसं लांबूनच हात जोडतात. दिवा कोण लावतं, हे पहिल्या खर्ड्यात अगदी शेवटच्या प्रकरणात कळायचं. आणि ते कळलं की कादंबरी हातातून निसटायची.

हे टिपण त्या शेवटाबद्दल आहे. तो आधी कसा होता, तसा का झाला होता, कुणाच्या बोलण्याने तो उलटला आणि उलटल्यावर मागच्या पानांचं काय झालं, ते सगळं इथे मांडतो. मी या कादंबरीचा संपादक. लेखिकेच्या संमतीने लिहितोय. त्यांचं, पुस्तकाचं आणि गावाचं नाव त्यांच्याच इच्छेने गाळलं आहे. श्रद्धा, गूढ आणि नातीगोती या तिन्हींना एकाच कादंबरीत हात घालणारे लिहिते लोक मराठवाड्यात कमी नाहीत, आणि बहुतेकांची गाडी याच वळणावर अडते. म्हणून हे प्रकरण तपशिलाने सांगावंसं वाटलं.

लेखिका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. गावात त्यांना सगळे बाई म्हणतात, मीही बाईच म्हणतो.

आधीच्या दोन कादंबऱ्या

तिसरीचा घोळ समजायचा तर आधीच्या दोन कादंबऱ्या थोड्या पाहाव्या लागतील. पहिलीत घरातली थोरली लेक सासर सोडून आराधी होते. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी घेऊन ती तुळजापूरच्या वाटेला लागते आणि धाकटी बहीण तिच्यामागे उत्तर शोधत फिरते: अक्काने सासर का सोडलं? त्यात एक प्रकरण फार चांगलं उतरलं आहे. शारदीय नवरात्राआधी तुळजाभवानी पलंगावर निद्रेला जाते, त्या दिवसांत धाकटी तुळजापुरात पोचते. देवी झोपलेली असताना नवस कुणापुढे बोलायचा, हा तिचा प्रश्न. तेव्हा बाजूला बसलेली एक अनोळखी बाई म्हणते, माझ्यापुढे बोल, मी जागीच आहे. श्रद्धा माणसाकडून माणसाकडे कशी सरकते, हे बाईंना तेव्हाच उमगलं होतं, निदान त्यांच्या हाताला तरी. पण रहस्याचा उलगडा मात्र पेटीत सापडलेल्या जुन्या पत्रातून केला होता. ती सोपी वाट होती. वाचकांनी ती चालवून घेतली.

दुसरी कादंबरी परभणीच्या उरुसातली. फेब्रुवारीत तुराबुल हक बाबांच्या दर्ग्यावर भरणाऱ्या त्या मोठ्या गर्दीत एका हिंदू घरातला मुलगा हरवतो. त्याच्याबरोबर उरुसाला गेलेला मुसलमान मित्र एकटा घरी येतो. पुढची सगळी वर्षं दोन्ही घरं एकमेकांच्या दाराशी जात-येत राहतात, कधी संशयाने, कधी आशेने. मुलगा सापडत नाही. माझ्या मते बाईंचं सर्वांत धीट लेखन तेच आहे. पण वाचकांचं म्हणणं एकच: शेवट सांगितलाच नाही. शाळेत येऊन विचारणारे लोकही निघाले, म्हणे, बाई, खरं सांगा, पोरगं गेलं कुठं?

तिसऱ्या कादंबरीला बसताना बाईंच्या मनावर हे ओझं होतं. या वेळी कुणी विचारायला येऊ नये, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

तिसरीची जमीन

30 सप्टेंबर 1993. आदला दिवस अनंत चतुर्दशीचा. गणपती बोळवून लोक उशिरा अंथरुणाला पाठ टेकून होते. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून जवळपास 8,000 माणसं गेली. एवढ्या मृत्यूंचं मोठं कारण घरांच्या बांधणीत होतं. दगड-मातीच्या दोन-दोन, तीन-तीन फुटी भिंती, आत लाकडी खण आणि वर मातीचं जड माळवद. गळती लागली की वर आणखी माती टाकायची, त्यामुळे ते ओझं पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेलेलं. उन्हाळ्यात थंडावा देणाऱ्या घरांनीच झोपेतल्या माणसांना गाडलं. पुढचे दिवस पावसाचे. ओळख पटवायला सवड नाही, लाकूड पुरेना, म्हणून पुष्कळांना एकत्रच अग्नी द्यावा लागला. आपलं माणूस नेमकं कुठल्या चितेत गेलं, हे अनेकांना आजही सांगता येत नाही.

त्यानंतर 52 गावं नव्या जागी उठवली गेली. जमीन पाहून घरं मिळाली: 250, 400 किंवा 750 चौरस फुटांची. जुनी गावं बोळांची होती, भावकीला भावकी खेटून राहायची. नव्या गावात सरळ रस्ते आणि रांगा आल्या, भावाचं घर दोन रांगा सोडून गेलं. पुण्याजवळ वाघोलीला भारतीय जैन संघटनेने सुमारे 1,200 मुलं शिकायला नेली. बायको गेलेल्या अनेक पुरुषांची वर्षा-दोन वर्षांत दुसरी लग्नं झाली, कारण मागे लहान पोरं होती आणि चूल पेटायला हवी होती.

कादंबरीतले तात्या अशाच घरातले. त्या रात्री बायकोशी भांडून ते शेतातल्या कोट्यात झोपायला गेले, म्हणून वाचले. बायकोचा देह कुठल्या चितेत गेला ते त्यांना कळलं नाही. थोरला मुलगा पुण्याला गेला, धाकटा जवळ राहिला. पुढच्याच वर्षी दुसरं लग्न झालं. नव्या गावात 400 फुटांचं घर मिळालं.

पहिल्या खर्ड्यात ही दुसरी बायको जेमतेम तीनदा येते. एकदा चहा आणते, एकदा आजारी पडते, एकदा तात्यांच्या मागे दारात उभी असते. तिला नावसुद्धा नव्हतं.

शेवट कसा होता

गावात एक निवृत्त गुरुजी आहेत. आयुष्यभर पोरांना विज्ञान शिकवलेले, भानामती आणि अंगात येण्याचे प्रकार उघडे पाडलेले, कुणाकडून पैशाचीही अपेक्षा न ठेवणारे. शेवटच्या प्रकरणात ते अमावास्येच्या रात्री बाभळीआड दबा धरून बसतात. पावलं वाजतात, काडी ओढल्याचा आवाज येतो, गुरुजी बॅटरी मारतात. उजेडात तात्या. मग चार पानं तात्यांचं रडणं आणि कबुली: ती कुठं गेली ते ठाऊक नाही, तिला दिवा कुठं लावू, म्हणून जिथं आमची शेवटची अमावास्या झाली होती तिथं लावतो. दुसऱ्या दिवशी गावाला सगळं समजतं. लोक खाली मान घालतात. गुरुजींचं एक लहानसं भाषण होतं आणि कादंबरी संपते.

वाक्यं चांगली होती. तात्यांची कबुली वाचताना माझा आवंढा गिळवेना. पण पुस्तक मिटल्यावर काहीतरी अन्याय झाल्यासारखं वाटत राहिलं, आणि त्याचं कारण शोधायला वेळ लागला नाही. बॅटरीचा झोत पडला की तात्या पकडले गेलेले गुन्हेगार होतात. गाव खुळं ठरतं. इतकी वर्षं लांबून जोडलेले हात हा सगळा गैरसमज होऊन बसतो. रहस्यकथेच्या साच्यात शेवटी गुन्हेगार लागतोच, आणि इथे तर गुन्हाच नव्हता. बाईंनी हा साचा मुद्दाम निवडला नव्हता. शेवट सांगायचाच, या हट्टापायी तो आपोआप आत शिरला.

उलगडा न करता सोडून देणं हा एक पर्याय होता. बाई म्हणाल्या, "सर, पुन्हा ते नको. दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी लोकांनी जीव खाल्लाय." दिवा लावणारा खरंच कुणी नसावा असं हलकंसं सुचवणं, हा दुसरा. त्याला मीच तयार नव्हतो. तात्यांच्या दुःखावर चमत्काराची झूल घालायची, म्हणजे ते दुःख दुसऱ्यांदा गाडायचं.

वाचन

छापण्याआधी हस्तलिखित चार जणांपुढे वाचायचं, ही आमची पद्धत. औशातल्या एका वाचनालयात बसलो. एक निवृत्त विज्ञानशिक्षक होते, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम मनापासून करणारे. एक बँकेतले गृहस्थ, रहस्यकथांचे भोक्ते. वाचनालयाच्या ग्रंथपाल होत्या. आणि बाईंनी आपल्या ओळखीच्या एका आराधी मावशींना आणलं होतं. मावशींना अक्षरओळख बेताची. पोत, परडी, जोगवा यांचे तपशील बरोबर आहेत का, हे ऐकून सांगायला त्या आल्या होत्या.

शिक्षकांना शेवट आवडला. त्यांचं म्हणणं नीट समजून घेण्यासारखं होतं. ते म्हणाले, भूकंपाआधी आणि नंतरही या भागात लोकांच्या भीतीवर धंदा करणारे कमी नव्हते. अशा जागी दिव्यामागचा माणूस दाखवणं हे लेखकाचं कर्तव्य आहे. बँकेतल्या गृहस्थांनी निम्म्यातच ओळखलं होतं, तात्याच असणार. रहस्यकथा म्हणून कच्ची, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. ग्रंथपाल काही बोलल्या नाहीत. त्यांचं माहेर उठलेल्या गावांपैकीच एक होतं.

मग बाईंनी मावशींना विचारलं, परडीचं बरोबर आहे ना? परडीचं त्यांनी हातानेच बाजूला सारलं.

"आवं बाई, दिवा कोण लावतंय ते गावाला ठावं नसतंय व्हय? तेल कुठनं आलं, वात कुणी वळली, रातच्याला कुणाच्या दाराची कडी वाजली, समदं ठावं असतंय. इचारत न्हाईत, येवढंच." थोडं थांबून त्या पुढे म्हणाल्या, "आन् त्येच्या बायकूला? तिला तर पयल्याच आवसंला कळलं आसंल."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मी हस्तलिखितात ती दुसरी बायको शोधू लागलो आणि तिला नाव नाही हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

मावशींचं म्हणणं आधी निव्वळ व्यवहाराच्या अंगाने तपासून पाहिलं. 400 चौरस फुटांचं घर. एक दार. नवरा दर अमावास्येला मध्यरात्री उठून बाहेर पडतो, इतकी वर्षं. घरातलं तेल कमी होतं. अंगाला धुराचा वास येतो, धोतराच्या सोग्याला कुसळं लागतात. शेजारी कुत्री भुंकतात. आणि हे कुणालाच ठाऊक नाही? शहरातल्या इमारतीत चालून जाईल, खेड्यात शक्यच नाही. म्हणजे पहिला खर्डा रहस्यकथा म्हणून कच्चा होता तो याच कारणाने: त्यात गाव खोटं होतं. दिवा कोण लावतं हे गूढच नाही. सगळ्यांना ठाऊक असून इतकी वर्षं कुणी तोंडातून शब्द का काढला नाही, हे गूढ आहे. ते बॅटरीने उकलत नाही. त्यासाठी गावातल्या प्रत्येकाचं तात्यांशी काय नातं आहे, ते लिहावं लागतं.

औंढा आणि पैठण

हे नवं काही नव्हे. आपल्या भागातल्या जुन्या चमत्कारकथा याच रीतीने चालतात, फक्त आपण त्या ऐकून-ऐकून गुळगुळीत करून टाकल्या आहेत.

औंढा नागनाथाची घ्या. नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना मागे जायला सांगितलं, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. नंदी मागच्या बाजूला आहे, तो आजही दाखवतात. ही गोष्ट सांगणारी आजी दगडाचं देऊळ कसं फिरलं याबद्दल एक शब्द बोलत नाही. तिचा सगळा जोर "जा मागं" या हुकमावर असतो. कुणाला मागे घालवलं आणि कुणी घालवलं, हे तिला सांगायचं असतं. पैठणच्या रेड्याचंही तसंच. संन्यास सोडून संसारात परतलेल्या बापाची मुलं, आईबाप गेलेले, शुद्धिपत्रासाठी ब्रह्मवृंदापुढे उभी. रेड्याच्या तोंडी वेद येतात ते त्या चार पोरांच्या अपमानाच्या क्षणी. तो अपमान काढून घ्या, मग उरतो नुसता बोलका रेडा, आणि त्याची गोष्ट सातशे वर्षं कुणी सांगितली नसती.

मला वाटतं, कादंबरीत श्रद्धा आणायची तर ही रीत विसरून चालत नाही. देव आहे की नाही, या वादात कादंबरीकार उतरला की तो वकील होतो, मग बाजू कोणतीही घेवो. त्याने पाहायचं ते हे, की या दिव्याची, या नवसाची, या देवळाची गरज कुणाला आहे आणि ती गरज कुणी कुणासाठी सांभाळली आहे. पहिल्या कादंबरीत तुळजापूरच्या त्या अनोळखी बाईच्या तोंडी बाईंनी हेच घातलं होतं. तिसरीत शेवटाच्या धास्तीने ते त्यांच्याकडून सुटलं.

नवा खर्डा

दुसऱ्या बायकोला नाव मिळालं: गोदावरी. आणि दिवा कोण लावतं हे कादंबरीच्या सुरुवातीलाच वाचकाला सांगून टाकलं, तेही तिच्या डोळ्यांनी. बाईंच्या परवानगीने तो उतारा इथे देतो.

"खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली तिनं गरम पाण्यानं धुऊन उन्हात पालथी घातली होती. सांजेला करडईचं तेल ओतताना ती बाटलीवरच्या चिठ्ठीची खालची कड बघायची. तिथवर भरलं की पहाटेपर्यंत पुरतं. वाती दोन, एक जास्तीची, वारं असलं तर. बाटली कोनाड्यात काडेपेटीच्या मागं ठेवून ती अंथरुणावर पडली, भिंतीकडं तोंड करून, आणि कडी वाजेपर्यंत झोपेचा श्वास घेत राहिली."

पहिल्या खर्ड्यात कुठलं तेल, कशात नेलं, याचा पत्ताच नव्हता. तात्यांच्या हातात दिवा आयताच यायचा. आता बाटली भरणारा हात दिसला आणि त्या एका परिच्छेदात तिघांची नाती उभी राहिली, मेलेल्या बाईसकट. गोदावरी सवतीसाठी तेल भरते का? नवऱ्यासाठी? की तो परत घरीच यावा म्हणून? बाईंनी हे कुठेच सांगितलेलं नाही आणि सांगावं असं मलाही वाटलं नाही. दुसऱ्या कादंबरीचं न सांगणं वाचकाला छळत होतं, कारण तिथे घटनाच झाकलेली होती. इथे घटना पूर्ण उघडी आहे, झाकलंय ते मन. या प्रकारच्या न सांगण्याबद्दल वाचक तक्रार करत नाही, तो स्वतः त्यात शिरतो.

दुधाचं प्रकरण आधीपासूनच होतं, पण त्याचं काम बदललं. 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या होत्या. कादंबरीतलं गाव तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये राहतंय. पहिल्या खर्ड्यात हे प्रकरण गुरुजींच्या विजयाचं होतं. चमचा दगडाला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं, मग पातळ थराने मूर्तीच्या अंगावरून खाली उतरतं, हे ते दुधात कुंकू कालवून पोरांना दाखवतात. ते सगळं तसंच ठेवलं, कारण ते खरं आहे आणि छान लिहिलं आहे. भर पडली ती रांगेतल्या गोदावरीची. लग्न होऊन वर्षच झालंय. हातात पावशेर दुधाची वाटी, शेजारी सवतीचा धाकटा, सकाळपासून काही न खाल्लेला. रांग पुढे सरकते तशी त्याची नजर वाटीवरून हलत नाही. ती रांगेतून बाहेर येते, शेडच्या मागे जाऊन वाटी त्याच्या तोंडाला लावते आणि पुन्हा रिकामी वाटी घेऊन रांगेत उभी राहते, कारण सासू बघत असते. गुरुजी हे पाहतात. कुंकवाचा प्रयोग दाखवणारा माणूस त्या बाईबद्दल कुणाला काही बोलत नाही. गुरुजींचं गप्प राहणं इथून सुरू होतं, म्हणजे दिव्याच्याही कितीतरी आधीपासून.

राहिला शेवट. सगळ्यांना ठाऊक असलेलं गुपित तीनशे पानं ओढायचं तर त्याला बाहेरून धक्का लागायला हवा. तो धक्का शिक्षकांच्या हरकतीतूनच मिळाला. ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, आज दिवा आहे, उद्या धंदा होईल. बाईंनी ते शब्दशः उचललं. गावातली काही तरणी पोरं जुन्या गावठाणात पत्र्याचं शेड घालायचं ठरवतात. फलक रंगवून होतो: जागृत देवस्थान. दानपेटी येते, अमावास्येला गाड्या येऊ लागतात, दिवा आपोआप लागतो असं मोबाइलवर फिरू लागतं. आता गुरुजींपुढे खरा पेच उभा राहतो. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तथाकथित चमत्काराच्या नावावर लोकांना फसवून पैसा मिळवणं हा गुन्हा ठरवला आहे. तक्रार करायची तर दिवा आपोआप लागत नाही हे सांगावं लागणार, आणि ते सांगायचं तर तात्यांना चव्हाट्यावर आणावं लागणार. गप्प बसावं तर लबाडी फोफावते. बोलावं तर एका माणसाच्या उरातलं उपसून गावापुढे ठेवायचं. आधीच्या खर्ड्यातले गुरुजी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बरोबरच होते. आता त्यांना झोप येत नाही, आणि म्हणून ते मला पहिल्यापेक्षा कितीतरी मोठे वाटतात.

ग्रामसभेच्या प्रसंगात ते बोलायला उठतात. त्यांच्या आधी गोदावरी उठते. पदर सावरून एवढंच म्हणते, दिवा माझ्या घरचा आहे, तेल माझं आहे, पेटी ठेवायची तर माझ्या दारात आणून ठेवा. पोरं गप्प होतात. तिने खोटं सांगितलेलं नाही, आणि तात्यांचं नावही घेतलेलं नाही. सभेत बसलेल्या प्रत्येकाला तिने काय वाचवलं ते कळतं, खाली मान घालून बसलेल्या तात्यांनाही. इतकी वर्षं झोपेचं सोंग घेतलेली बायको जागी होती, हे त्यांना त्या क्षणी समजतं. बाईंनी त्यांच्या तोंडी एकही वाक्य दिलेलं नाही. चार पानांची जुनी कबुली पूर्ण गेली. ती काढताना बाईंना फार जड गेलं, आणि जाणारच. पहिल्या खर्ड्यातलं सर्वांत जिवंत लेखन तेच होतं. त्यातली कोट्यातली रात्र आणि भांडणाचं कारण तेवढं मागच्या एका प्रकरणात हलवलं.

काय बसलं, काय नाही

नवा खर्डा त्याच मंडळींपुढे वाचला. बँकेतल्या गृहस्थांना आता पुढे काय होणार हे ओळखता आलं नाही, आणि त्यांना ते आवडलं. शिक्षकांनी दानपेटीचं प्रकरण उचलून धरलं, पण एक हरकत कायम ठेवली: गावातल्या शाळकरी मुलांना दिव्याबद्दल काहीच न सांगणं त्यांना पटेना. मोठ्यांचा समंजसपणा पोरांच्या वाट्याला अडाणीपणा होऊन येतो, असं ते म्हणाले. हे म्हणणं वजनदार होतं. बाईंनी ग्रामसभेच्या आधी एक छोटा प्रसंग घातला. पोरं गुरुजींना विचारतात, देवी लावते का हो दिवा? गुरुजी सांगतात, दिवा माणूसच लावतो, कधीही, कुठेही. कोणता माणूस, ते मात्र ते सांगत नाहीत. शिक्षकांचं एवढ्यावर समाधान झालं नाही, तरी हरकत अर्धी उरली असं त्यांनीच म्हटलं.

मावशींनी या वेळी परडीचे तपशील सांगितले. परडीतल्या पीठमिठाचा एक उल्लेख चुकला होता, तो दुरुस्त केला.

ग्रंथपालबाईंनी वाचन संपल्यावर हस्तलिखित दोन दिवस मागून घेतलं. परत देताना त्यांनी एकच सुचवलं: नव्या गावातल्या म्हाताऱ्या बायका अजूनही एकमेकींच्या घराचा पत्ता जुन्या गावावरून सांगतात, वेशीजवळची, आडापाशी राहणारी. नव्या गावात ना वेस आहे, ना आड. बाईंनी ते जिथे जिथे शोभलं तिथे तिथे घातलं, आणि गोदावरीचं परकेपण त्यातून आपोआप दिसू लागलं. ती भूकंपानंतर लग्न होऊन आली, तिच्यासाठी जुन्या गावाचा कुठलाच पत्ता नाही.

एका बाबतीत आमचं शेवटपर्यंत जमलं नाही. वाघोलीहून शिकून, नोकरीला लागून परत आलेल्या थोरल्या मुलाचं प्रकरण मला लांब वाटतं. तो येतो, आईचा चेहरा आठवत नाही म्हणतो, फोटोही नाही, मग गावभर फिरून प्रत्येक म्हातारीला विचारत सुटतो, माझी आई दिसायला कशी होती. प्रत्येकीचं उत्तर वेगळं. सातव्या-आठव्या उत्तरानंतर गोष्टीचा वेग मरतो आणि दानपेटीचा ताण सैल पडतो. निम्मं कापावं, असं मी अखेरपर्यंत सांगत राहिलो. बाईंनी एक ओळ कापू दिली नाही. त्यांचं म्हणणं असं, की त्या म्हाताऱ्यांपैकी प्रत्येकीला एकदा तरी बोलू द्यायचं होतं; इतकी पानं त्या तात्यांसाठी गप्प बसल्या आहेत आणि ज्या बाईसाठी दिवा लागतो तिच्याबद्दल बोलायची संधी कादंबरीत दुसरीकडे कुठेच नाही. वेगाचा मुद्दा मी सोडलेला नाही. प्रकरण मात्र जसंच्या तसं छापायला गेलं.